कोटितीर्थाच्या काठचे चित्रतपस्वी : आबालाल रहिमान

महाराष्ट्राच्या मातीत संत झाले, शूर झाले, तसे थोर कलावंतही झाले. संतांची नावे घरोघरी पोहोचली, शूरांचे पोवाडे झाले. कलावंतांच्या वाट्याला मात्र बहुधा विस्मरणच आले. देवळाच्या भिंतीवरचे चित्र कोणी काढले, गाभाऱ्यातील मूर्ती कोणी घडविली, हे दोन पिढ्यांनंतर गावात कोणाला सांगता येत नाही. देणगीदाराचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते व ते योग्यच आहे. हाताने काम करणाऱ्याचे नाव मात्र त्याच्या कामातच राहते, आणि काम नाहीसे झाले की नावही जाते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचे चरित्र, विशेषतः त्यांच्या आयुष्याची उतरती वर्षे, या दृष्टीने सर्वांनी जाणून घ्यावी अशी आहेत.

कोल्हापूर आपल्या भागाला परके नाही. अंबाबाईच्या आणि ज्योतिबाच्या दर्शनाला नवी मुंबईच्या गावांतून कितीतरी कुटुंबे दरवर्षी जातात. वाशीच्या घाऊक बाजारात कोल्हापुरी गुळाचे रवे उतरतात आणि ते उतरविणारे माथाडी बांधवही बरेचसे घाटावरचेच आहेत. कोल्हापूर म्हटले की तालीम, पैलवान, चपला आणि तांबडा-पांढरा रस्सा डोळ्यांसमोर येतो. परंतु हीच नगरी चित्रकारांचीही आहे, आणि त्या चित्रकारांच्या परंपरेत अगदी आरंभी नाव घ्यावे लागते ते आबालालांचे.

त्यांचे पूर्ण नाव अब्दुल अजीज रहिमान. जन्म १८६० च्या आसपासचा. घराणे कातिबांचे, म्हणजे कुराणाच्या प्रती हाताने सुवाच्य व नक्षीदार अक्षरांत लिहून देणाऱ्यांचे. छापखाने सर्वत्र पोहोचले नव्हते, तेव्हा हा व्यवसाय मानाचा होता. एक मात्रा चुकली तर पान वाया जाते, म्हणून कातिबाचा हात थरथरत नाही आणि त्याचे मनही इकडेतिकडे जात नाही. बोरूची रेघ कोठे जाड व कोठे बारीक काढायची, शाई किती घ्यायची, कागद कोरा किती सोडायचा, हे संस्कार आबालालांवर लहानपणीच झाले. पुढे त्यांच्या चित्रांतील रेषेची जी वाखाणणी झाली, तिचे मूळ या घरगुती शिक्षणात आहे.

अरबी व फारसी या भाषा त्यांना घरातूनच मिळाल्या आणि त्या भाषांनीच त्यांचे नशीब उघडले, असे सांगतात. कोल्हापूर संस्थानात इंग्रज सरकारचा रेसिडेंट असे. त्याच्या कुटुंबात फारसी शिकविण्याच्या निमित्ताने आबालालांचे जाणे-येणे सुरू झाले, तेथे त्यांची रेखाटने साहेबांच्या नजरेस पडली आणि या तरुणाला मुंबईस पाठवावे असे ठरले, अशी हकीकत कोल्हापुरात प्रसिद्ध आहे. १८८० च्या सुमारास आबालाल मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत दाखल झाले.

त्या काळचा हा प्रवास सोपा नव्हता. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ मध्ये. त्याआधी घाटमाथ्यावरून बैलगाडीने किंवा टांग्याने पुणे गाठायचे आणि पुढे बोरघाटातून उतरणारी आगगाडी धरायची. ती गाडी कल्याण सोडून पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी येते आणि ठाण्याची खाडी ओलांडून मुंबईकडे जाते. घाटमाथ्यावर वाढलेल्या त्या मुलाला खाडी, मिठागरे आणि भरती-ओहोटीचे पाणी हे सारे नवीनच असणार.

जे. जे. कला शाळा १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सुरू झालेली. तेथे विलायती पद्धतीचे शिक्षण मिळे. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसाचे चित्र, मग तैलरंग, असा क्रम होता. अंगाचे प्रमाण, प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, जवळचे मोठे व लांबचे लहान का दिसते, याचा काटेकोर अभ्यास होई. आबालालांनी या शिक्षणात इतके प्रावीण्य मिळविले की त्यांना व्हाइसरॉयच्या नावाचे पदक मिळाले. कोल्हापूरसारख्या ठिकाणाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फार मोठा बहुमान होता.

पदक मिळालेल्या चित्रकाराला त्या वेळी मुंबईत पैशाची वाण नव्हती. गिरण्या निघत होत्या, शेठ-सावकार, न्यायाधीश, संस्थानिक आपापली तैलचित्रे काढवून घेत होते. राजा रविवर्मा यांचे नाव देशभर गाजत होते आणि १८९४ मध्ये त्यांचा छापखानाही मुंबईत सुरू झाला. खुद्द कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये आले, तेथेच शिक्षक झाले, रावबहादूर झाले आणि शाळेच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. आबालालांनी मात्र १८८८ च्या सुमारास मुंबई सोडली आणि ते कोल्हापूरला परतले ते कायमचे. एक कोल्हापूरकर मुंबईला निघण्याच्या बेतात होता आणि दुसरा तेथील सारे शिकून घरी आला होता. दोघांचेही मार्ग आपापल्या जागी योग्यच होते. पण एकाचे आयुष्य सरकारदरबारी कागदोपत्री नोंदले गेले आणि दुसऱ्याचे लोकांच्या आठवणींवर राहिले.

१८९४ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरचा राज्यकारभार हाती घेतला. महाराजांना गुणी माणसांची पारख होती आणि ती करताना ते जातधर्म पाहत नसत. गानसम्राट अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारी गायक होते, देशोदेशीचे मल्ल त्यांच्या आश्रयाला होते. १९०२ मध्ये मागासलेल्या समाजासाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणारा हाच राजा. त्यांनी आबालालांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांना शिकारीचा व जनावरांचा मोठा नाद. त्यांच्यासाठी आबालालांनी व्यक्तिचित्रांप्रमाणेच शिकारीची व वन्य प्राण्यांची चित्रेही काढली. जनावर हे माणसासारखे समोर स्वस्थ बसत नाही. ते नजरेत साठवून घ्यावे लागते आणि मग कागदावर उतरवावे लागते. तो अभ्यास त्यांना पुढे निसर्गचित्रे काढताना कामी आला, कारण संध्याकाळचा उजेडही कोणासाठी थांबत नाही.

राजाश्रय असूनही आबालालांची राहणी दरबारी झाली नाही. वाड्यापेक्षा त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ तलावाच्या काठी. कोटितीर्थ हा कोल्हापूरच्या पूर्वेचा जुना तलाव. काठावर देवस्थान, भोवती झाडी आणि मोकळे रान. १९०६ मध्ये महाराजांनी स्थापन केलेली शाहू मिल याच परिसरात उभी राहिली. एका बाजूला गिरणीचे धुराडे आणि दुसऱ्या बाजूला तळ्याचे संथ पाणी, अशा त्या जागी या चित्रकाराने आपले बिऱ्हाड केले आणि उतारवयाची वर्षे तेथेच काढली. फकिरासारखी राहणी, गरजा थोड्या, बोलणे मोजके, आणि हातात सतत कागद व कुंचला, अशी त्यांची मूर्ती जुन्या कोल्हापूरकरांनी पुढच्या पिढ्यांना सांगितली आहे.

आयुष्याच्या या उत्तरार्धात त्यांनी प्रामुख्याने निसर्गचित्रे काढली. कोटितीर्थ, रंकाळा, रंकाळ्याच्या काठचा संध्यामठ, पंचगंगेचा घाट, गावाबाहेरची झाडे, पायवाटा, गुरे हे त्यांचे विषय. मुसलमान कातिबाच्या घरात जन्मलेल्या या माणसाने देवळांचे कळस, दीपमाळा व घाट अत्यंत जिव्हाळ्याने रंगविले. ते त्याला दुसऱ्याचे वाटले नाहीत, कारण ते त्याच्या गावाचे होते. एकच जागा ते पुन्हा पुन्हा काढीत. सकाळच्या धुक्यातला तलाव निराळा, भर दुपारचा निराळा, पावसाळी ढगांखालचा निराळा आणि दिवेलागणीचा निराळा. पाहणाऱ्याला तीच ती जागा दिसे, पण चित्रकाराला दर वेळी नवे काही दिसत असे. आपल्याकडचा शेतकरीसुद्धा बांधावर उभा राहून आभाळाचा रंग पाहतो आणि पाऊस किती वेळात येईल ते सांगतो. आबालालांची नजर तशीच होती. फरक इतकाच, की ते पाहिलेले कागदावर ठेवून जात.

जलरंगाचे काम दिसायला सोपे आणि करायला अत्यंत कठीण. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. त्यात पांढरा रंग बहुधा वापरीत नाहीत, कागदाचा कोरेपणा हाच उजेड. पाण्यावर चमकणारी तिरीप दाखवायची तर तेवढी जागा आधीपासून मोकळी सोडावी लागते. कातिबाच्या घरात कोरी जागा राखण्याचे जे शिक्षण मिळाले, त्याचा उपयोग येथे असा झाला. काही चित्रांत त्यांनी रंगाचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवले. जवळून पाहिले तर नुसते ठिपके, चार पावले मागे सरकले की झाड, पाणी आणि संध्याकाळ. युरोपातील चित्रकारही त्याच सुमारास उजेडाचा असा अभ्यास करीत होते. आबालाल परदेशी गेले नव्हते. तळ्याच्या काठी वर्षानुवर्षे बसून ते आपल्या मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचले.

विलायती रंग महाग पडत. म्हणून आबालाल माती, दगड, पाने, साली यांपासून आपले रंग आपणच तयार करीत, असे सांगतात. आपल्या घरांतून भिंतीला गेरू, चुना, काव वापरीत, लग्नाच्या चौकाला हळद-कुंकू आणि तांदळाचे पीठ वापरीत, तीच ही रीत. ज्या जमिनीचे चित्र काढायचे त्याच जमिनीतून रंग घ्यायचा, यापेक्षा मातीशी इमान आणखी काय असू शकते?

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. माणसाच्या तसबिरीला गिऱ्हाईक आधीपासून ठरलेले असते. ज्याची तसबीर तो पैसे देतो, त्याची मुलेनातवंडे ती दिवाणखान्यात लावतात, दसऱ्याला पुसतात, हार घालतात. तळ्याच्या चित्राला असा वारस नसतो. तळे सर्वांचे, म्हणून त्याचे चित्र कोणाचेच नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगाव फोटोग्राफीची दुकाने निघू लागली आणि तसबिरीचे कामही कमी होऊ लागले. अशा वेळी ज्याच्या हातात तसबिरीचे कसब होते, त्याने मिळकतीचा विचार न करता तळे, झाडे आणि संध्याकाळ काढीत राहावे, हा व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा होता. आबालालांनी तो जाणूनबुजून केला. त्यांना पाठीशी घालणारा एक जाणता राजा होता, तोपर्यंत तो निभावलाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे अवघ्या ४७ व्या वर्षी निधन झाले. सारे कोल्हापूर पोरके झाले. आबालालांचा तर आश्रयदाता, रसिक आणि स्नेही एकदमच गेला. त्या दुःखाच्या भरात त्यांनी आपल्याजवळची चित्रे गठ्ठ्यांनी उचलून कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आठवण कोल्हापुरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. त्यांनी आयुष्यभरात काढलेल्या चित्रांची संख्या वीस हजार होती, असेही सांगणारे आहेत. आकडा कमी असो की अधिक, आज त्यांतली फारच थोडी शिल्लक आहेत, हे मात्र खरे.

जलरंगाचे चित्र पाण्यात पडले की आधी रंग सुटतो आणि मग कागदाचा लगदा होतो. ज्या तळ्याकडे पाहून ती चित्रे काढली, त्याच तळ्यात त्यांचा रंग मिसळून गेला. गणपतीचे विसर्जन आपण करतो ते पुढच्या वर्षी पुन्हा आणण्यासाठी. हे विसर्जन तसे नव्हते. ज्याला दाखवायचे तो राहिला नाही, तर दाखविण्याजोगे तरी कशाला राहावे, असा तो विचार असावा. त्यात दुःख होते, तसा कदाचित थोडा रागही होता. कलावंताला पैशापेक्षाही कोणीतरी पाहणारा हवा असतो, हेच त्यावरून दिसते.

पण आबालाल एवढ्यावर संपले नाहीत, आणि हीच त्यांच्या चरित्रातील सर्वात मोठी गोष्ट आहे. महाराजांच्या मागे ते नऊ वर्षे जगले. दरबारी आधार सरला होता, वय साठीच्या पुढे गेले होते, परंतु हात थांबला नाही. कोणी मागितले नाही, कोणी पैसे दिले नाहीत, तरी चित्रे होतच राहिली. कधी चांगला कागद मिळे, कधी हाताला येईल तो चालवून घ्यावा लागे. भक्त जसा देव प्रसन्न होवो न होवो, नित्य पूजा चुकवीत नाही, तशी ही चित्रसाधना होती. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरातच त्यांचा अंत झाला.

त्यांनी शाळा काढली नाही, पुस्तक लिहिले नाही. तरी कोल्हापूरच्या तरुण चित्रकारांनी त्यांच्याकडे पाहूनच चित्रकला ओळखली. आनंदराव पेंटर आणि कलामहर्षी बाबूराव पेंटर हे बंधू कोणत्याही कला शाळेत गेले नव्हते. त्यांच्यासमोर आदर्श होता तो आबालालांच्या कामाचा. याच बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये सैरंध्री हा चित्रपट पूर्ण केला आणि व्ही. शांताराम यांच्यासारखे दिग्दर्शक घडविले. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले प्रसिद्ध नट चंद्रकांत मांडरे यांनी आयुष्यभर निसर्गचित्रे काढली व उतारवयात आपले राहते घर आणि चित्रे समाजाला देऊन टाकली. भाई माधवराव बागल यांनी कोल्हापूरच्या कलावंतांविषयी आस्थेने लिहून ठेवले, म्हणून पुष्कळशा आठवणी टिकल्या. अशा रीतीने पाण्यात गेलेल्या चित्रांचा वंश माणसांच्या रूपाने वाढला.

आबालालांची शिल्लक राहिलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात जतन केलेली आहेत. त्यांतून शंभर वर्षांपूर्वीचे कोल्हापूर पाहावयास मिळते. कोटितीर्थाभोवतीचे मोकळे रान आज उरलेले नाही, शहराने तलावाला चारी बाजूंनी वेढले आहे. शाहू मिलचा भोंगाही बंद पडला. त्या काळचा तलाव पाहायचा तर आज आबालालांच्या नजरेनेच पाहावा लागतो.

नवी मुंबईच्या गावकऱ्यांना ही गोष्ट निराळी सांगायला नको. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. त्या जमिनींचा हिशेब कागदोपत्री आहे. सात-बाऱ्यावर गट नंबर आहे, क्षेत्र आहे, आकार आहे, पीक आहे. फेरफाराला नोंद सापडते, नकाशावर बांधाची रेघ सापडते. परंतु भाताची खाचरे ऑक्टोबरात कशी पिवळी होत, खारबंदिस्तीच्या बांधावरून खाडी कशी दिसे, मिठागरात सकाळी मिठाच्या राशी कशा चमकत, पारसिकच्या डोंगराआडून दिवस कसा वर येई, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती नोंद ठेवणारा आबालाल आपल्या वाट्याला आला नाही. जुन्या घरांतून आजोबांचा एखादा फोटो असतो. त्यात आजोबांच्या खांद्यामागे वावराचा एक लहानसा तुकडा चुकून आलेला असतो. पुष्कळांच्या जमिनीचे तेवढेच चित्र शिल्लक आहे.

ज्यांनी ती खाचरे पाहिली, मिठागरांत काम केले, होड्या वल्हविल्या, अशी वडीलधारी माणसे अजून गावागावांत आहेत. त्यांच्या डोळ्यांत ते चित्र आहे. घरातील एखादे पोर पाटी-वहीवर झाडे आणि तळी काढीत बसत असेल, तर त्याला आजोबांजवळ बसवावे आणि आजोबांनी सांगावे, पोराने काढावे. त्याला पदक मिळेल न मिळेल. पण गावाची एक नोंद राहील. आणि ते चित्र पाहायला घरचे कोणीतरी असले म्हणजे झाले, कारण चित्र पाण्यात जाते ते पाहणारा नसला की.

कोल्हापूरला देवदर्शनास जाणाऱ्यांनी जमेल तेव्हा कोटितीर्थाच्या काठीही घटकाभर उभे राहावे. तेथे आबालालांनी आयुष्याची उतरती वर्षे एकच पाणी पाहण्यात घालविली, आणि तरी ते पाहून संपले नाही. अशा या चित्रतपस्व्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.